होर्मुझची सामुद्रधुनी आणि बऱ्हाणपूरचं सूत

१६२२ हे साल बऱ्हाणपुरात वाईट बातमी घेऊनच उजाडलं. जानेवारीत जहांगीर बादशहाचा थोरला मुलगा खुसरो इथं मरण पावला. तो धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शहाजहानच्या ताब्यात होता. त्यामुळे हा मृत्यू कसा झाला याची कुजबुज तेव्हा सुरू झाली ती आजवर थांबलेली नाही. या भाऊबंदकीपुढे त्याच वर्षीच्या आणखी दोन घटना मागे पडतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी इराणच्या शाह अब्बासच्या फौजेनं इंग्रजी जहाजांच्या मदतीनं होर्मुझचं बेट पोर्तुगीजांकडून हिसकावलं आणि थोड्याच दिवसांत याच शाहनं मोगलांचं कंदाहारही घेतलं. कंदाहारवर चालून जाण्याचा हुकूम दख्खनच्या मोहिमेवर असलेल्या खुर्रमला आला. तो बऱ्हाणपुराहून मांडूपर्यंत गेला आणि पावसाळ्याचं कारण सांगून तिथंच थांबला. पुढे बापाविरुद्ध बंड झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला मात्र या दोन पराभवांचा अर्थ वेगळा लागला असणार. इराणकडे माल जायच्या वाटा दोनच: आग्रा-लाहोरवरून कंदाहारची खुष्कीची वाट, नाहीतर तापीकाठानं सुरत आणि तिथून समुद्रमार्गे होर्मुझ. एकाच वर्षात दोन्ही वाटांची दारं एकाच माणसाच्या हातात गेली. व्यापार बुडाला नाही. होर्मुझ बेटाची पेठ उजाड झाली आणि समोरच्या किनाऱ्यावरचं गोंब्रून, म्हणजे आजचं बंदर अब्बास, भरभराटीला आलं. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए बऱ्हाणपुरातून गेला तेव्हा इथली आरपार दिसणारी तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत असलेलं हे गाव तेव्हाही आखाताच्या तोंडावरच्या चिंचोळ्या पाण्याकडे डोळे लावून होतं.

इराणशी गावाचं नातं कापडापुरतं नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि कुंड्यांच्या रांगेतून शहरात आणणारा खुनी भंडारा १६१५च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. त्याची आखणी एका फारसी तज्ज्ञानं केल्याचं सांगितलं जातं आणि पद्धत तर सरळ इराणी वाळवंटातल्या कनातींची, म्हणजे भुयारी पाटांची, आहे.

आता नकाशाचं दुसरं टोक पाहू. तापी जिथं समुद्राला मिळते तिथं सुरतेजवळ सुवाळीचा किनारा आहे. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज याच पाण्यात भिडले आणि नंतर कंपनीची जहाजं इथंच नांगर टाकू लागली. त्याला लागून हजिरा आहे. आज तिथं रिलायन्सचा पेट्रोरसायनांचा अवाढव्य कारखाना उभा आहे. पॉलिएस्टर आणि ते ज्या रसायनांपासून बनतं ती रसायनं तिथं तयार होतात. शेजारी आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवण्याची गोदी आहे. म्हणजे नदी तीच आणि किनाराही तोच, फक्त मालाची दिशा उलटली. पूर्वी बऱ्हाणपूरचं कापड सुवाळीला उतरून इराणला जाई. आता आखाताचं तेल गुजरातच्या किनाऱ्याला लागतं आणि धाग्याच्या रूपानं वर बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर चढतं.

ही वाट जिथं सर्वांत अरुंद होते ती होर्मुझची सामुद्रधुनी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. त्यातही मोठ्या जहाजांनी जायचा आणि यायचा असे दोन पट्टे ठरलेले आहेत, प्रत्येकी साधारण तीन किलोमीटरचे. २०२४ मध्ये या पट्ट्यांतून दिवसाला सुमारे दोन कोटी पिंपं तेल आणि तेलाचे पदार्थ गेले. जगाच्या रोजच्या खपाचा हा पाचवा हिस्सा. त्या वर्षी जगात जहाजानं गेलेल्या द्रवरूप वायूचाही पाचवा हिस्सा इथूनच गेला, मुख्यतः कतारचा. सौदी अरेबियानं लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत आणि अमिरातीनं फुजैरापर्यंत नळ टाकून वळसा काढला आहे. पण रोजच्या वाहतुकीच्या मानानं त्यांत उरलेली जागा थोडी आहे. कतारच्या वायूला तर वळसाच नाही.

सामुद्रधुनी बंद होणार की नाही यावर वाहिन्यांवर रात्र-रात्र चर्चा चालतात. मला तो प्रश्न थोडा चुकीचा वाटतो. आपल्यापर्यंत झळ पोहोचायला ती बंद व्हावीच लागत नाही. १९८४ ते १९८८ या काळात इराण आणि इराक एकमेकांच्या गिऱ्हाइकांचे टँकर फोडत होते, शेकडो जहाजांवर हल्ले झाले, तरी तेल वाहतच राहिलं. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा इराणच्या संसदेनं सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूनं कौल दिला. प्रत्यक्षात ती बंद झाली नाही. तरी १२ जूनला ६९ डॉलरच्या आसपास असलेलं ब्रेंट तेलाचं पिंप आठवड्याभरात ७९ च्या जवळ गेलं. २४ जूनला युद्धविराम झाला आणि ते ६७ वर उतरलं.

या चढ-उतारात खरा खर्च किती होता? समजा दहा कोटी डॉलर किमतीचा महाकाय टँकर आहे आणि आखातात एक खेप करण्यासाठी विमा कंपनीनं युद्धजोखमीपोटी किमतीच्या पाव टक्का हप्ता मागितला. ते झाले अडीच लाख डॉलर. अशा टँकरमध्ये वीस लाख पिंपं मावतात. पिंपामागे साडेबारा सेंट! भाडं वाढलं, जहाज चार दिवस थांबलं, तेही धरा. तरी दहा डॉलरचा हिशेब लागत नाही. उरलेला पैसा भीतीचा. उद्या मिळेल की नाही म्हणून आजच घेऊन ठेवणाऱ्यांनी तो भाव चढवलेला असतो. ज्याच्याकडे आधीच माल भरलेला आहे त्याला ही भीती नफा देऊन जाते, आणि ज्याला रोज लागेल तेवढंच घ्यावं लागतं त्याच्या खिशातून तो नफा येतो.

बऱ्हाणपुरात हा दुसरा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. तो यंत्रमागावर उभा आहे. इथले माग सुती, पॉलिएस्टर आणि मिश्र धाग्याचं कोरं कापड विणतात. व्यवहाराची रीत मालेगाव-इचलकरंजीच्या वाचकांना सांगायला नको. मोठा व्यापारी किंवा मास्टर वीवर सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मीटरवर मजुरी घेतो. इचलकरंजीत अशा मागवाल्यांना खर्चीवाले म्हणतात. वरवर पाहता सुताचा भाव चढला तर तो व्यापाऱ्याचा प्रश्न, मजुरीवाल्याचं काय जातं? जातं ते काम. भाव चढता असला की कापडाचा घेणारा थांबतो, उतरेल म्हणून वाट बघतो. व्यापारी महाग सूत घेऊन स्वस्त कापड विणायला तयार नसतो, मग तो सूत देणं आखडतो. आणि भाव अचानक कोसळला तर महाग सुताचं कापड अंगावर पडतं आणि व्यापारी मागची मजुरी अडवून धरतो. स्वतःच्या पैशानं सूत घेऊन विणणाऱ्या लहान मागवाल्याचं तर दोन्हीकडून मरण. चढत्या भावात त्याची पुंजी कमी पडते, उतरत्या भावात ती बुडते.

जून २०२५च्या त्या दिवसांत देशातल्या पेट्रोल पंपांवरचे दर हलले नव्हते. तेल कंपन्या मधला धक्का स्वतःच्या ताळेबंदात जिरवतात, निवडणुका आणि सरकारी इशारे बघून दर बदलतात. म्हणून पंपावरच्या आकड्यावरून युद्धाची झळ मोजणारा माणूस फसतो. पॉलिएस्टरला असा कोणी पालक नाही. कच्च्या तेलापासून नाफ्था, त्यातून पॅराझायलीन, त्यातून पीटीए, त्यात एमईजी मिसळून पॉलिएस्टर, अशी साखळी आहे. तिच्या प्रत्येक कडीचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधलेला आहे आणि कंपन्या तो थोड्या थोड्या दिवसांनी बदलतात. आयात होणाऱ्या एमईजीचा मोठा भाग तर आखातातल्या देशांतूनच जहाजानं येतो. सुती धागा यातून सुटेल असं वाटतं, पण पॉलिएस्टर महागलं की गिरण्या कापसाकडे वळतात आणि त्याचाही भाव हलतो.

घरातल्या सिलिंडरची गोष्ट याहून नाजूक आहे. भारताच्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा २०२२ नंतर एकदम वाढला. रोजच्या ५५ लाख पिंपांपैकी १५ ते २० लाखच होर्मुझमार्गे येतात, असं जून २०२५ मध्ये पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी सांगितलं होतं. स्वयंपाकाच्या गॅसचं तसं नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आपण आयात करतो आणि २०२५ पर्यंत ती जवळजवळ सगळी आयात आखातातूनच होत होती. तेलासाठी विशाखापट्टण, मंगळूर आणि पाडूर इथं खडकांच्या पोटात ५३.३ लाख टनांचे साठे कोरलेले आहेत, साधारण साडेनऊ दिवसांच्या गरजेचे. एलपीजीचे भूमिगत साठे मात्र हजारांत मोजायचे, विशाखापट्टणला ६० हजार टन आणि मंगळूरला ८० हजार. देशाचा वर्षाचा खप तीन कोटी टनांच्या घरात आहे, म्हणजे हे दोन्ही मिळून दोन दिवसही पुरणार नाहीत. गेल्या दहा वर्षांत कोट्यवधी घरांत चुलीच्या जागी शेगडी आली हे उत्तमच झालं. पण ती शेगडी पेटती ठेवणारा गॅस कुठं साठवायचा, याचा विचार त्याच वेगानं झालेला दिसत नाही.

बऱ्हाणपूरची केळी या सगळ्यात उलट्या बाजूनं सापडते. इराक, इराण, अमिराती, ओमान ही भारतीय केळीची मोठी गिऱ्हाइकं. घड हिरवे कापायचे, धुऊन खोक्यांत भरायचे, शीत कंटेनरमधून न्हावाशेव्याला न्यायचे आणि आठवड्याच्या आत आखातात उतरवायचे, असं हे वेळेचं गणित आहे. शाह अब्बासनं वाढवलेलं बंदर अब्बास हे अजूनही त्यातलं एक मुक्कामाचं ठिकाण. युद्धाच्या बातमीनं जहाज कंपनीनं फेरी रद्द केली की परदेशी जाण्यासाठी वाढवलेला, दिसायला देखणा माल देशी बाजारात येऊन पडतो. बऱ्हाणपूरच्या लिलावातला भाव उतरला तर त्याची झळ राज्याच्या सीमेपलीकडे रावेर-यावलच्या बागांपर्यंत जाते, कारण तिथले व्यवहार या भावाकडे बघून होतात. केळीला लागणारा युरियाही वायूवरच बनतो, आणि त्यातला बराच वायू कतारचा.

लाल समुद्राचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपची फेरी दहा ते चौदा दिवसांनी लांबली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांवर ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन आदळला, तेव्हा युद्ध आपल्या दाराशी किती सहज येतं ते दिसलं. तेव्हा वृत्तपत्रांचा कागदही अडला आणि त्यावरचं आयात शुल्क काढा म्हणून वृत्तपत्रांच्या संघटनेनं सरकारला साकडं घातलं. हे इथं सांगायचं कारण म्हणजे परदेशी कागदावर विसंबायला नको म्हणून देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना ज्या नेपानगरात उभा राहिला आणि १९५६ मध्ये नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला, ते नेपानगर बऱ्हाणपूर जिल्ह्यातच आहे.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेलाचं बिल फुगलं आणि पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. तो धडा देशपातळीवर बऱ्यापैकी गिरवला गेला. परकीय चलन साठलं, तेलाचे भूमिगत साठे झाले, ओमानच्या आखातात आपल्या जहाजांच्या सोबतीला २०१९ पासून नौदलाची ‘ऑपरेशन संकल्प’ मोहीम आहे. देशाला वाट बघता येईल एवढी सोय आता आहे. मागवाल्याला ती नाही, आणि ती देणं फार खर्चाचं कामही नाही.

त्यासाठी नवी कल्पनासुद्धा लागत नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत सूत बँकेची तरतूद झाली होती. लहान मागवाल्यांनी एकत्र येऊन संस्था काढायची, सरकारनं तिला जास्तीत जास्त दोन कोटी रुपये बिनव्याजी द्यायचे, संस्थेनं घाऊक भावात सूत घेऊन सभासदांना पुरवायचं. योजनेची मुदत सरली. दोन कोटी म्हणजे किती? सूत दीडशे रुपये किलो धरलं तर सुमारे एक लाख तेहतीस हजार किलो. एक माग एका पाळीत पाच-सहा किलो सूत खातो असं मानलं, तर रोज एका पाळीच्या हिशेबानं हजार मागांना हा साठा तीन आठवडे पुरेल. १९८४-८८च्या टँकरयुद्धासारख्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या लढाईत त्यानं काहीच होणार नाही. जून २०२५चं युद्ध मात्र बारा दिवसांत थांबलं होतं.