एका चिन्हाचे दोन धनी

स्वरावर ठिपका दिला म्हणजे काय समजावे? हा प्रश्न गाणे शिकणाऱ्यास विचारला, तर उत्तर त्याच्या हातातील पुस्तकावर अवलंबून राहील. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत हा ठिपका तार सप्तक दाखवितो, तर पंडित पलुस्करांच्या पद्धतीत तोच मंद्र सप्तक दाखवितो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण पुस्तकांची अदलाबदल झाली की गळ्याची धडगत नाही! चिन्हाला अंगचा अर्थ नसतो, तो आपण संमतीने देतो. ही संमती कशी घडते, याचे एक बोधप्रद उदाहरण परदेशात सापडते.

ब्रिटनमधील ख्रिस वॉलशॉ हे गृहस्थ पाश्चात्त्य स्वरलेखन शिकण्यापूर्वीच, १९८० नंतरच्या दशकात, लोकसंगीताच्या चाली साध्या रोमन अक्षरांत टिपून ठेवीत. त्यातूनच 'एबीसी' लेखन निघाले, आणि १९९३ पर्यंत त्यावरून छापील स्वरपत्र करून देणारा संगणकाचा कार्यक्रमही त्यांनी तयार केला. मोठे 'सी' हा एक स्वर. लहान 'सी' म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात. पुढे २ लिहिले की त्याचा काळ दुप्पट. पाच रेघांचा कागद नको की विशेष खिळे नकोत. साध्या वादकालाही आपली चाल दुसऱ्यास कळविता येऊ लागली.

पुढे गरजा वाढल्या आणि निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे कार्यक्रम रचले. एकाने उद्गारचिन्हाचा अर्थ 'येथे ओळ तोडा' असा केला. दुसऱ्यांनी दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये अलंकाराचे नाव लिहिण्याची रीत पाडली. आता पहिल्या रीतीने लिहिलेली चाल दुसऱ्या रीतीच्या यंत्राला दिली, तर दोन चिन्हांमधले स्वर अलंकाराचे नाव समजून गिळले जाणार! मग २.० या मसुद्याने अलंकारासाठी अधिकचिन्ह सुचविले. पण पूर्वी एकत्र वाजणारे स्वर त्याच चिन्हांत लिहीत असत. म्हणजे रिकामी समजलेली खोलीही कोणाची तरी होतीच.

डिसेंबर २०११ च्या २.१ या प्रमाणपत्रकाने तोड काढली. बहुतेकांच्या वापरात रुळलेले उद्गारचिन्ह अलंकाराकडेच ठेवले. ज्यास ते ओळ तोडण्यासाठी हवे असेल, त्याने तसे आरंभी लिहून द्यावे आणि अलंकारास अधिकचिन्ह वापरावे. शिवाय पहिल्याच ओळीत कितव्या प्रमाणाप्रमाणे लिहिले आहे ते नमूद करावे. असा उल्लेख असेल तर वाचन काटेकोर, नसेल तर सैल. त्यामुळे जुने लेखन गुन्हेगार ठरत नाही.

आमचे आयुष्य कामगारांचे करार करण्यात आणि वाचण्यात गेले. नवा करार लिहिताना आम्ही प्रथम विचारतो की, जुन्या करारावर ज्याने विश्वास ठेवला त्याचे काय? शब्द बदलणे सोपे असते. पण त्या शब्दावर विसंबून कोणी काम करून बसलेला असतो. येथे ते काम म्हणजे कोणा वादकाने टिपलेली चाल. कदाचित दुसरीकडे कोठेच न लिहिलेली. ती वाचता आली नाही तर नुकसान यंत्राचे नसते, गाण्याचे असते. म्हणून कोणतीही सुधारणा करताना नवे काय मिळाले याच्या आधी जुने काय वाचता येईनासे झाले, हे मोजावे. तारीख व अटी माथ्यावर लिहिलेला करार दोन्ही बाजूंस उभे राहण्यास जागा देतो.