सांध्यात शिरलेला अग्नी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे ऑइल इंजिनाच्या जोडकामात पिढ्यान्‌पिढ्यांचे हात तरबेज झाले, तेथील कोणाही जाणत्या मिस्त्रीस हेडचे पॅकिंग उडाले म्हणजे काय होते हे निराळे सांगावे लागत नाही. ज्वलनाचा वायू फटीतून वाट काढतो आणि ती वाट उत्तरोत्तर रुंद करीत जातो. घनइंधनाच्या अग्निबाणात हाच प्रकार सुमारे तीन हजार अंश सेल्सिअसच्या वायूने घडतो, आणि एकदा पेटलेले ते इंधन विझविण्याची सोय तेथे नसते.

अंतराळयानास ढकलणारा असा प्रचंड अग्निबाण, म्हणजे बूस्टर, एकसंध ओतणे व वाहून नेणे दुर्घट असल्यामुळे त्याचे पोलादी खंड निरनिराळे भरून प्रक्षेपणस्थळी जोडतात. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी सात अंतराळवीरांसह नष्ट झालेल्या ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळ-शटलच्या उजव्या बूस्टरमध्ये, तळाकडील अशाच एका सांध्यातून वायू निसटला होता. प्रज्वलनाबरोबर आतील दाब चढतो, कवचाची भिंत किंचित फुगते, आणि जो सांधा दाबाने अधिक घट्ट बसावा अशी आखणी करणाऱ्यांची अपेक्षा होती, तो प्रत्यक्षात उघडू लागतो. त्या अर्ध्यापाऊण सेकंदात सांध्यात बसविलेल्या रबरी कड्याने रुंदावत्या फटीचा पाठलाग करून ती बुजवावयाची असते. त्या सकाळी हवा जेमतेम २ अंश सेल्सिअस होती आणि गारठलेले रबर मंद झाले होते.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी आयोगापुढे बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून दाखविले, ते जगभर गाजले; परंतु माझ्या मते त्याहून बोलकी, एका चाचणीची नोंद बूस्टर बनविणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या दप्तरी १९८५ पासूनच होती. दाबलेल्या कड्यावरील पट्टी किंचित उचलून घेतलेल्या त्या चाचणीत ३८ अंशांना कड्याचा स्पर्श सुटला नाही, २४ अंशांना तो पुन्हा जुळण्यास २.४ सेकंद लागले, आणि १० अंशांना दहा मिनिटांनीही जुळला नाही. उड्डाणाच्या आदल्या रात्री रॉजर बोइसजोली व त्यांचे सहकारी अभियंते यांनी थंडीत उड्डाण नको म्हणून विनविले. त्यांची कैफियत नामंजूर झाली.

त्याहूनही विलक्षण गोष्ट गळती-तपासणीची. प्रत्येक सांध्यात अशी दोन कडी असत; त्या दोहोंमधील जागेत दाबाने वायू सोडून सांधा पारखीत. पण आतल्या बाजूस लावलेली पुटीच गळती झाकते अशी शंका आल्यावर तो दाब वाढविण्यात आला, आणि त्या वाढीव दाबाने पुटीत छिद्रे पडून तप्त वायूस नेमकी कड्यापर्यंतची अरुंद वाट मिळू लागली. सांधा निर्दोष ठरविण्यासाठी केलेली परीक्षाच त्याच्या दोषात भर घालीत होती!

फेररचनेत पुटी गेली, तिसरे कडे आले, सांधा उघडू नये म्हणून पोलादी ओठ आला; पण खरा पालट परीक्षेच्या रीतीत झाला. ऑगस्ट १९८८ मध्ये यूटा येथे पूर्ण आकाराचा बूस्टर पेटविताना सांध्यांत मुद्दाम दोष राखून, वायू कड्यांपर्यंत पोहोचू देऊन, ती टिकतात काय हे पाहिले गेले. त्यानंतरच, २९ सप्टेंबर रोजी, शटल पुन्हा झेपावले.

आपल्या इस्रोच्या, अशाच खंडांनी जोडलेल्या एस-२०० बूस्टरच्या पोलादी कवचांचे काही खंड इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात. गगनयान या मानवी अंतराळमोहिमेसाठी सुधारलेल्या त्याच्या आवृत्तीत कवचाच्या सांध्यांना सुरक्षिततेची वाढीव तरतूद आहे; १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोट्यास २०३ टन इंधन भरून तो जागच्या जागी १३५ सेकंद जाळण्यात आला, आणि त्या अवधीत सुमारे ७०० मापांवर नजर ठेवली गेली.