दहा वर्षांचा करार, ऐंशी मिनिटांचा खेळ

मार्च 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिल शहरातल्या एका क्लबनं तेवीस वर्षांच्या पोराशी दहा वर्षांचा करार केला. आपल्याकडे त्या वयात एवढ्या मुदतीचा कागद फक्त बँक पुढे करते, आणि तोही घर तारण ठेवून. इथे तारण होतं शरीर. जेसन टाउमालोलो हे त्या पोराचं नाव, नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज हा क्लब, आणि खेळ रग्बी लीग. तिथल्या वर्तमानपत्रांत एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासचा आकडा छापून आला. म्हणजे वर्षाला दहा लाख, 2027 च्या मोसमाअखेरपर्यंत.

पहिली काही वर्षं या कराराचं कौतुक झालं. पुढे टाउमालोलोची मैदानावरची मिनिटं कमी होऊ लागली, गुडघा कुरकुरू लागला, आणि मग 'एवढा लांब करार करायचाच कशाला' असं म्हणणारे शहाणे सगळीकडून निघाले. कुठल्याही खेळात असे शहाणे निघतातच. मला मात्र वाटतं की क्लबनं चूक केली नाही, आणि टाउमालोलोनं आळसही केला नाही. त्याच्या पायाखालचा खेळच बदलला. तो कसा, हे कळायला आधी या खेळातला फॉरवर्ड म्हणजे काय ते कळायला हवं.

बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर जे रग्बी खेळतात ते युनियन. लीग हा त्याचा भांडून वेगळा झालेला भाऊ. 1895 साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. भांडण पैशांचं होतं. गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू सामन्यासाठी खाडा करत, त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी असं उत्तरेचं म्हणणं, आणि खेळाला पैसा लावू नये असं दक्षिणेतल्या खात्यापित्या मंडळींचं. वेगळं झाल्यावर उत्तरेनं खेळही बदलला. 1906 साली पंधराचे तेरा गडी केले आणि पकडलेल्या खेळाडूनं उठून चेंडू पायानं मागे सारायचा, हा नियम आणला.

कबड्डी पाहणाऱ्याला हा नियम लवकर समजेल. कबड्डीत चढाईबहाद्दर धरला गेला की बाद. इथे धरला गेलेला माणूस उठतो, चेंडू टाचेखालून मागे देतो आणि त्याचाच संघ पुन्हा चाल करतो. अशी धरपकड सहा वेळा झाली की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. आणि दर पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटायचं असतं. या दहा मीटरांतच फॉरवर्डचा जन्म जातो. समोरच्याला धडकून पाडायचं, त्याच्या अंगावरून उठायचं, धावत मागे जायचं, वळायचं आणि पुन्हा पुढे धडकायचं. आपला संघ चेंडू घेऊन निघाला की पहिल्या दोन-तीन चाली यानंच करायच्या, तिघाजणांच्या भिंतीत घुसायचं आणि आठ-दहा मीटर जमीन मिळवायची. गोल करणारे, टाळ्या घेणारे वेगळे असतात. हा नांगराचा बैल. वावर यानं तयार करायचं, पीक दुसऱ्यानं काढायचं.

टाउमालोलो हा या जातीतला दुर्मीळ बैल होता, कारण लोक नांगरणीच बघायला यायचे. जन्म ऑकलंडचा, घराणं टोंगाचं. किशोरवयात कुटुंब टाउन्सव्हिलला आलं, शाळा तिथल्याच कर्वन उपनगरातली. काउबॉइजचं जुनं मैदानही त्याच उपनगरात. 2010 मध्ये सतराव्या वर्षी तो पहिल्या संघात आला. सहा फुटांहून उंच, 110 किलोंहून जास्त वजन, आणि तरी पाय एखाद्या पाठच्या फळीतल्या खेळाडूसारखे चपळ. सरळ धडक मारायची नाही, ऐन वेळी बाजूला सरकून बचाव करणाऱ्याचा खांदा चुकवायचा आणि त्याला हातावर झेलत पुढे ओढत न्यायचं, ही त्याची खुबी. भरात असताना एका सामन्यात 200 मीटर तो सहज काढायचा, आणि त्यातले कितीतरी मीटर दोघे-तिघे अंगाला लटकलेले असताना.

1995 पासून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य स्पर्धेत असलेल्या काउबॉइजना पहिलं विजेतेपद मिळायला वीस वर्षं लागली. 2015 च्या अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिस्बेन ब्रॉन्कोसला जादा वेळेत 17-16 असं हरवलं. श्रेय संघाचा सूत्रधार जॉनथन थर्स्टनला गेलं, ते रास्तच. पण मधली जमीन टाउमालोलोची. पुढच्याच वर्षी मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक त्याला कूपर क्रॉंकबरोबर विभागून मिळालं. मधल्या फळीतल्या धडकेबाजाला हा मान क्वचित मिळतो. 2017 मध्ये थर्स्टन दुखापतीनं बाहेर असताना आठव्या क्रमांकावरून हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि तिथे मेलबर्न स्टॉर्मनं त्यांना 34-6 असं चिरडलं.

टाउन्सव्हिल ब्रिस्बेनपासून तेराशे किलोमीटर उत्तरेला आहे. उकाडा, दमट हवा, लष्कराची छावणी, बंदर. सिडनीतला नावाजलेला खेळाडू तिथे सहजासहजी जात नाही. अशा गावानं आपल्या शाळेतून वर आलेला मुलगा राखायला दहा वर्षांचा कागद पुढे केला, यात मला भाबडेपणा दिसत नाही. गाव लहान असलं की दाम जास्त मोजावा लागतो.

त्या करारानं आणखी एक गोष्ट केली, जी हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही. करारानंतर सात महिन्यांनी, विश्वचषकाच्या तोंडावर, टाउमालोलोनं न्यूझीलंडचा संघ सोडला आणि टोंगाकडून खेळणार असं जाहीर केलं. मोठ्या देशांच्या तुलनेत टोंगाचं मानधन नगण्य. ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा अँड्र्यू फिफिटाही त्याच वेळी टोंगाकडे आला. ज्याचं दहा वर्षांचं पोट बांधलेलं आहे त्यालाच असा निर्णय घ्यायची चैन परवडते, असा माझा तर्क आहे. पुढे जे झालं ते आजही अंगावर काटा आणतं. हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध मध्यंतराला 16-2 असे मागे असलेले टोंगावाले 28-22 नं जिंकले. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध शेवटची सात मिनिटं उरली असताना 20-0 असे मागे होते, आणि सामना संपला 20-18 वर. ऑकलंडचे रस्ते लाल झेंड्यांनी भरून गेले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2019 मध्ये, ईडन पार्कवर टोंगानं ऑस्ट्रेलियालाही 16-12 नं हरवलं. जगातले सगळेच बलाढ्य फॉरवर्ड मायदेशाऐवजी श्रीमंत देशाचा अंगरखा घालतात हा समज या माणसानं मोडला.

आणि मग 2020 आलं. कोविडमुळे थांबलेली स्पर्धा मे अखेरीस पुन्हा सुरू झाली तेव्हा नियम बदललेले होते. पकडीनंतर बचाव करणारा रेंगाळला, समोरच्याला जमिनीवर दाबून ठेवलं, तर पूर्वी पंच शिट्टी वाजवून पेनल्टी देत. खेळ थांबे, चेंडू बाहेर मारला जाई, सगळे गुडघ्यांवर हात ठेवून दम खात. नव्या नियमात शिट्टी नव्हती. पंच हात फिरवी, घंटा वाजे, सहा पकडींची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई आणि खेळ चालूच राही. प्रेक्षकाला हे फार आवडलं. 115-120 किलोंच्या माणसाला त्या तीस-चाळीस सेकंदांच्या विसाव्याचं काय मोल असतं ते प्रेक्षकाला कुठून कळणार? त्याआधी 2016 मध्येच एका सामन्यातले खेळाडूंचे बदल दहावरून आठवर आणले होते. म्हणजे दमलेल्याला बाहेर काढून पुन्हा आत पाठवायची सोयही आटली होती.

अशा खेळात फॉरवर्डची घसरण धावण्यात आधी दिसत नाही. चेंडू हाती असताना अंगात जोर येतोच. घसरण दिसते ती बचावात, दहा मीटर मागे येताना. एक पाऊल उशीर होतो, रांगेत फट पडते, समोरचा चलाख गडी बरोबर तिथून निघून जातो. आकडेवारीत धावेचे मीटर साधारण तेवढेच दिसतात, पण मिनिटं घटतात, कारण कोच ती फट बघत असतो.

2021 मध्ये टॉड पेटन कोच म्हणून आला आणि मोसमाच्या सुरुवातीलाच त्यानं टाउमालोलोची मिनिटं कापली. कापली ती कापली, वर पत्रकारांसमोर त्याच्या बचावातल्या कष्टांबद्दल नाराजीही बोलून दाखवली. ज्याच्या नावावर तिकिटं विकली जातात त्याला चारचौघांत असं बोलणं टाउन्सव्हिलला रुचलं नाही. जाहीर बोलायला नको होतं हे पेटननं नंतर मान्यही केलं. पण रोगाचं निदान चुकीचं होतं असं म्हणवत नाही. त्याच मोसमात टाउमालोलोचं हाताचं हाड मोडलं. 2022 मध्ये संघ तिसरा आला, अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पारामाटाकडून 24-20 असा हरला. त्या संघात टाउमालोलो होता, पण संघ त्याच्या खांद्यावर उभा नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये, त्याच क्लबचा रूबेन कॉटर स्टेट ऑफ ओरिजिन या राज्यांमधल्या मालिकेतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात क्वीन्सलँडकडून मधल्या फळीत उतरला आणि पूर्ण ऐंशी मिनिटं खेळला. वजनानं टाउमालोलोपेक्षा बराच हलका. धडकेनं कुणी उडून जावं असा तो गडीच नव्हे. उठतो, मागे येतो, पुन्हा पकडतो, आणि हे तासभर न थकता करतो. खेळाला आता कसला फॉरवर्ड हवा आहे हे सांगायला आणखी कुठला तक्ता नको.

2023 मध्ये टाउमालोलोच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. असला गुडघा 'बरा' होत नाही, त्याच्याशी रोज तडजोड करावी लागते. सरावाचे दिवस कमी करायचे, आठवड्याचा भार मोजून द्यायचा. इथे 2015 च्या विजेत्या संघाचा कोच पॉल ग्रीन आठवतो. तो स्वतः हाफबॅक होता, फॉरवर्ड नव्हे. 2022 मध्ये 49 व्या वर्षी तो गेला. मेंदूच्या तपासणीत, डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडलेला आजार त्याला गंभीर स्वरूपात असल्याचं आढळलं. या खेळातली उधारी निवृत्तीनंतरही फिटतेच असं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. प्रत्येक क्लबला तीस खेळाडूंच्या मानधनावर एकूण मर्यादा असते. 2018 मध्ये ती साधारण 94 लाख डॉलर होती. त्यातले दहा लाख एकट्याला, म्हणजे दहावा हिस्सा. 2023 मध्ये मर्यादा 1 कोटी 21 लाखांवर गेली. कराराची रक्कम साधारण तेवढीच धरली, तर ओझं बाराव्या हिश्श्यावर आलं. घरकर्ज घेतलेल्या कुठल्याही कारकुनाला हे माहीत असतं. पहिली पाच वर्षं हप्ता जीव काढतो, मग पगार वाढतो आणि हप्ता तोच राहतो. फरक इतकाच की इथे घर दरवर्षी थोडं थोडं खचत जातं. क्लबनं खरं विकत घेतलं ते 2018 पासूनच्या चार-पाच वर्षांचा टाउमालोलो. उरलेली वर्षं त्याचेच हप्ते.

मग पुढे काय? वाटा मोजक्याच. वीस-पंचवीस मिनिटांसाठी आत पाठवायचं, समोरचे दमले असताना, ही सर्वांत शहाणपणाची वाट, आणि अभिमानी माणसाला सर्वांत अवघड. दुसरी इंग्लंडची. तिथल्या सुपर लीगमध्ये वय झालेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंची परंपराच आहे. पण मधेच दुसऱ्या क्लबला दिला आणि मानधनाचा काही भाग आपणच भरला, तर तो भाग आपल्याच मर्यादेत मोजला जातो. तिसरी वाट दुखापतीमुळे निवृत्तीची. त्यात डॉक्टरी पुराव्यावर स्पर्धेच्या चालकांकडे मर्यादेतून सूट मागता येते. 2019 मध्ये खांद्यानं दगा दिल्यावर सिडनीतल्या क्लबकडून खेळणाऱ्या सॅम बर्जेसनं कराराची वर्षं शिल्लक असताना खेळ सोडला होता. क्लबला तो कागदोपत्री सोपा रस्ता वाटतो, पण त्यावर सही खेळाडूलाच करावी लागते.

करार शेवटच्या वर्षात शिरण्याआधी, 1 नोव्हेंबरपासून, खेळाडूला इतर क्लबांशी बोलायची मुभा मिळते. टाउमालोलोसाठी ती तारीख 1 नोव्हेंबर 2026. करार संपेल त्या वर्षाच्या मे महिन्यात तो 34 वर्षांचा होईल. त्या वयाच्या फॉरवर्डपुढे क्लब जो कागद ठेवतात, त्यावर बहुधा एकाच मोसमाची मुदत असते.