उपासाच्या बातम्या आणि उपासाचे पुरावे

2012 मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ मालिकेत मायकेल मोझ्ली यांनी आठवड्यातले दोन दिवस जेमतेम खाऊन दाखवलं आणि ‘इंटरमिटंट फास्टिंग’ची लाट उसळली. 2016 मध्ये योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं. त्यांचं संशोधन उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशींवरचं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ते उपासाचं नोबेल म्हणून फिरलं! आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत’ घरोघरी पोचलं. साबुदाण्याच्या खिचडीवरची एकादशी अर्थात यात धरायची नाही.

चाचण्या मात्र फारशा उत्साही निघाल्या नाहीत. 2017 मधल्या शिकागोच्या वर्षभराच्या चाचणीत दिवसाआड उपास करणाऱ्यांचं वजन रोज थोडं कमी खाणाऱ्यांइतकंच उतरलं. 2020 मध्ये इथन वाइस या हृदयरोगतज्ज्ञांच्या चाचणीत दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत खाणाऱ्यांचं बारा आठवड्यांत सरासरी किलोभरही उतरलं नाही. वाइस स्वतः असंच जेवत. निकालानंतर त्यांनी ते सोडलं. प्रामाणिक माणूस.

मार्च 2024 मध्ये वारं उलटं फिरलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत निष्कर्ष मांडला गेला: दिवसभराचं खाणं आठ तासांच्या आत उरकणाऱ्यांना, बारा ते सोळा तासांत खाणाऱ्यांपेक्षा, हृदयविकाराने मरण्याचा धोका 91 टक्के जास्त. मथळ्यांनी उपासालाच पिंजऱ्यात उभं केलं. पण माहिती आली कुठून? अमेरिकेच्या सरकारी पाहणीत लोकांना दोनदा विचारलं होतं, काल काय खाल्लंत आणि किती वाजता. एवढ्यावरून पुढच्या साधारण आठ वर्षांचे मृत्यू ताडून पाहिले. वीस हजारांत आठ तासांच्या आत खाणारे जेमतेम 414. त्यात ठरवून उपास करणारा कोण, दुखण्यामुळे अन्न न जाणारा कोण, कामाच्या रगाड्यात जेवण चुकलेला कोण, हे उत्तरांवरून कळत नाही. शिवाय 91 टक्के जास्त म्हणजे शंभरातले 91 दगावले, असंही नव्हे.

ऑगस्ट 2025 मध्ये संपूर्ण निबंध छापून आला. आकडा 135 टक्क्यांवर गेला, पण एकूण मृत्यूंशी ठाम संबंध दिसलाच नाही. त्याआधी जूनमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 99 चाचण्यांची एकत्रित तपासणी छापून आली होती. चोवीस आठवडे किंवा त्याहून लांबलेल्या त्यात फक्त 17. एवढ्या अवधीत वजन आणि कोलेस्टेरॉल मोजता येतं, हार्ट अटॅक किती टळले ते नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. डॉक्टरांना न विचारता उपास धरला तर साखर त्याच दुपारी धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.