पुस्तक तयार आहे, वाचक कसा गाठायचा?

अँडी वीअर यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली. वाचकांनीच किंडल आवृत्तीचा आग्रह धरला, तेव्हा 2011 मध्ये ती तिथल्या किमान किमतीला, 99 सेंटला, आली. 2014 मध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने ती छापली आणि 2015 मध्ये चित्रपट आला. विक्रीआधी वाचक जमलेले होते, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं.

किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सोय 2016 च्या अखेरीपासून आहे. शोधशब्दांसाठी तिथे सात रकाने मिळतात. ते घाईत भरू नका. नुसतं ‘कादंबरी’ लिहून भागत नाही. वाचक ‘मराठी रहस्यकथा’, ‘कोकणातल्या भुताच्या गोष्टी’ असं शोधतो, तेही पुष्कळदा रोमन लिपीत. म्हणून दोन्ही लिप्यांतले शब्द द्या.

‘केडीपी सिलेक्ट’ या किंडलच्या ऐच्छिक योजनेत पुस्तक घातलं की 90 दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे देता येत नाही. त्याबदल्यात पाच दिवस ती मोफत ठेवता येते. हे दिवस सलग नसले तरी चालतात. घरच्यांकडून अभिप्राय लिहून घेऊ नका, ते अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर अख्खी पीडीएफ तर कधीच टाकू नका. सिलेक्टमध्ये असतानाही दहा टक्क्यांपर्यंत मजकूर नमुना म्हणून इतरत्र देता येतो. तेवढ्यात बसणारं पहिलं प्रकरण पाठवा आणि शेवटच्या ओळीखाली लगेच खरेदीची लिंक द्या.