डोक्यातले किडे आणि कांद्याची पात

बोरीवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत, जेथे ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी कुटुंबांत पोर्क इंदयाल व सारपोतेल ही सणासुदीची जुनी वहिवाट आहे, तेथे एखाद्या सुनेने सोया सॉस, आले, लसूण आणि चक्रफूल घालून डुकराच्या खांद्याचे मांस स्लो कुकरमध्ये दिवसभर रटरटत ठेवावे आणि रात्री ते नूडल्सवर वाढावे, यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही. आश्चर्य वाटते ते या पदार्थाचे नाव निघताच सुशिक्षित शेजाऱ्यांच्या तोंडून हमखास बाहेर पडणाऱ्या उद्गाराचे : "अहो, डुकराचं मटण खाल्लं की डोक्यात किडे होतात!"

या फिर्यादीत आरोपीच चुकीचा धरलेला आहे. टीनिया सोलियम हा पट्टकृमी प्रौढावस्थेत केवळ मनुष्याच्या आतड्यात नांदतो आणि त्याची अंडी मनुष्याच्याच विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती विष्ठा डुकराने खाल्ली, तर त्याच्या स्नायूंत अळ्यांच्या पाणीदार गाठी होतात, आणि तसे मांस कोणी अर्धेकच्चे खाल्ले, तर त्याच्या आतड्यात काही मीटर लांबीचा कृमी वाढतो. आतड्यात, मेंदूत नव्हे. फ्रीड्रिश क्युखेनमायस्टर या जर्मन वैद्याने १८५५ साली देहान्त शिक्षा झालेल्या कैद्याला अशा गाठी खाऊ घालून पुढे शवविच्छेदनात कोवळे पट्टकृमी दाखवून दिले. प्रयोग निर्दय खरा, पण पुरावा पक्का. मेंदूत गाठी व्हायच्या तर कृमीची अंडीच पोटात जावी लागतात, आणि ती डुकराच्या मांसात नसतात. ती असतात कृमिबाधित माणसाच्या न धुतलेल्या हातांवर, दूषित पाण्यात आणि सांडपाण्यावर पिकलेल्या भाजीपाल्यावर.

एवढ्यावरही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेली न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू समाजातील चार रुग्णांची हकीकत वाचावी. धर्माज्ञेने ज्यांना डुक्कर वर्ज्य, त्यांच्याच मेंदूत याच कृमीच्या गाठी सापडल्या, आणि तपासाअंती संशय स्थिरावला तो घरात स्वयंपाकपाणी करणाऱ्या, पण स्वतःला पट्टकृमीची बाधा असल्याचे ठाऊक नसलेल्या नोकरवर्गावर. (हे वाचून आपल्या कामवाल्या बाईंकडे तिरप्या नजरेने पाहू लागणाऱ्यांनी आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत, कृमी पगार पाहून आतडे निवडत नाही.) आपल्याकडे आजन्म शाकाहारी माणसांनाही याच गाठींमुळे फेफरे येते, ते उगाच नव्हे. तेव्हा नूडल्सच्या त्या वाडग्यात संशयाने पाहायचेच असेल, तर शिजून मऊ झालेल्या मांसाकडे न पाहता, वरून शोभेसाठी भुरभुरलेल्या कच्च्या कांद्याच्या पातीकडे आणि कोथिंबिरीकडे पाहावे, आणि ती जुडी सुटी करून, मुळाकडची माती काढून, वाहत्या पाण्याखाली धुतली होती का, एवढे विचारावे.

स्लो कुकरमध्ये मांस नुसते कोमट होते, हा दुसरा ग्रह. अमेरिकी कृषी खात्याने डुकराच्या अखंड तुकड्यासाठी आतील ६३ अंश सेल्सियस तपमान आणि नंतर ३ मिनिटांचा विसावा, खिम्यासाठी ७१ अंश, अशी हद्द मुक्रर केली आहे. खांद्याच्या मांसातील चिवट कोलॅजन विरघळून ते काट्याने सुटे होते, तेव्हा ती हद्द केव्हाच मागे पडलेली असते. मात्र मांस गोठलेले टाकू नये, घडोघडी झाकण उघडू नये, आणि नूडल्स शेवटी वेगळ्या उकडून घ्याव्यात, नाहीतर त्यांची खळ होते.

पोर्कमुळे स्वाइन फ्लू होतो, हे २००९ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने खोडून काढले. अजिनोमोटो विष आहे म्हणणाऱ्यांनी, जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळातून वेगळे केलेले त्यातील ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोतही असते, हे ध्यानी घ्यावे.

आणि स्लो कुकरचे खरे भय बाळगायचे असेल, तर ते राजम्याचे बाळगावे. कच्च्या लाल राजम्यातील विषारी द्रव्य मंद आचेने नष्ट होत नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक बाधतो. म्हणून अमेरिकी अन्न व औषध प्रशासन तो भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळ उकळायला सांगते. शिट्ट्यांवर राजमा शिजवणाऱ्या आपल्या घरांना ही पंचाईत कधी पडलीच नव्हती.