माळरानावरील गुप्त टपालपेटी

टपालपेटी म्हटली की चौकातील तांबडी पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. ती दुरून दिसावी म्हणूनच तिला तो रंग. परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. तेथे शेकडो पेट्या कोणाच्या दृष्टीस पडू नयेत अशा बेताने शिळांखाली दडवलेल्या आहेत. त्या शोधण्यास हाती केवळ एक लिखित खूण असते.

या खेळाचा आरंभ १८५४ साली झाला. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांना माळाच्या अगदी अंतर्भागी क्रॅनमिअर पूल येथे नेत असे. (हा ‘पूल’ आपला नव्हे; इंग्रजीत त्याचा अर्थ तळे. मौज अशी की त्या तळ्यात आता पाणीही नाही!) तेथवर पोहोचणे कष्टाचे, म्हणून पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड ठेवावे यासाठी त्याने एक बाटली ठेवली. १८८८ मध्ये तिच्या जागी पत्र्याची पेटी आली आणि १९३७ मध्ये दगडी पेटी बांधण्यात आली.

पुढे लोक तेथे पत्ता लिहिलेले पत्र ठेवू लागले. मागून येणाऱ्या अनोळखी प्रवाशाने ते उचलावे आणि गावात जाऊन टपालात टाकावे. पत्र कधी पोहोचेल याचा नेम नसे. पण ते कोणीतरी नेईल, हा विश्वास मात्र असे. मला या साऱ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

आता पत्रांऐवजी शिक्क्यांची देवघेव चालते. पेटीत एक रबरी शिक्का व एक वही असते. शोधणारा पेटीतील शिक्का आपल्या वहीत उमटवतो आणि आपला शिक्का तेथील वहीत उमटवून जातो.

खरी कसोटी खुणेच्या वाचनात आहे. समजा, खूण अशी आहे : ‘कुंपणाच्या पूर्व कोपऱ्यापासून ७५ अंशांवर २०० मीटर चाला; त्रिकोणी शिळेच्या उत्तरेस तिसऱ्या दगडाखाली पाहा.’ होकायंत्र धरताना अवघ्या ५ अंशांची चूक झाली, तर २०० मीटर चालल्यावर आपण सुमारे १७ मीटर बाजूला भरकटतो. आणि १७ मीटरांत त्रिकोणी शिळा कितीतरी असू शकतात! म्हणून जाणते लोक दोन दूरच्या टेकड्यांच्या दिशा देतात. त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे पेटी. भूमिती येथे परीक्षेपुरती राहत नाही. आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणून वाट सांगतो, ती गप्पांत शोभते. खुणेत नाही, कारण प्रत्येकाची हाक निराळी. चरणाऱ्या गाईची खूण सांगण्यात तर काहीच अर्थ नाही.

माळावर धुके एकाएकी उतरते. टेकड्या दिसेनाशा झाल्या की खूण निरुपयोगी होते आणि पायांखाली दलदल असते. अशा वेळी शोध सोडून परतणे हेच शहाणपण. उत्तरेकडील काही भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. तेव्हा तांबडी निशाणे फडकतात. शिळांखाली विषारी सापही असतात, म्हणून आधी काठी, मग हात.

१९९८ मध्ये एका अमेरिकन मासिकात या छंदावर लेख आला आणि तो तिकडील अरण्यांत रुजला. दाट झाडीत दूरची टेकडी दिसत नाही; तेव्हा तेथील खुणा ओढे, वळणे, पडके बांध मोजत जातात, आणि पुष्कळदा कोड्याच्या वा कवितेच्या रूपात लिहिलेल्या असतात.

उतावळ्या शोधकांनी दगड उपटू नयेत, प्राचीन शिलारांगांत पेटी लपवू नये, असे नियम डार्टमूरवर करावे लागले. पेटी सापडली की झाकण घट्ट लावून ती जेथे होती तेथेच ठेवावयाची. कारण मागून येणाऱ्याच्या हातातील कागदावर ‘तिसऱ्या दगडाखाली’ असे लिहिलेले असते, आणि आपण ती चौथ्याखाली ठेवली, तर तो बिचारा दिवसभर तिसराच दगड उचलून पाहील.